फिनकीलची बोट ट्रकवरून ११०० किमी न्यायची आहे. ट्रान्सपोर्टवाल्याला नेमकं काय विचारू?

गौरी_शिडवाली

नमस्कार मंडळी,

एक जुनी शिडाची बोट घेतली आहे. ३० फुटी, फायबरची, खाली फिनकील, म्हणजे तळाखाली उतरलेलं अरुंद, जड पातं. कागदावर वजन ३.८ टन, रुंदी ३.०५ मीटर, पाण्याच्या रेषेखाली १.६५ मीटर. आता आहे तिथून माझ्या धक्क्यापर्यंत रस्त्याने ११०० किमी. बोट शेवटी एका मोठ्या तलावात उतरणार आहे, तेव्हा "चालवत आण की" हा सल्ला कृपया नको.

ट्रान्सपोर्टवाल्यांना फोन करून डोकं फिरलंय. एकाने "किती टन?" एवढंच विचारलं आणि भाडं सांगून मोकळा झाला. दुसरा म्हणाला, साध्या उघड्या ट्रकमध्ये वाळूची पोती आणि जुने टायर टाकू, मस्त बसेल. तिसऱ्याचं भाडं पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट आहे. वर तो मापांवर मापं मागतोय, फोटो मागतोय, क्रेन कुठली विचारतोय. विकणारे गृहस्थ म्हणतात की तो तुम्हाला लुटतोय.

कील काढून न्यावी का? ताडपत्रीने झाकावी का? खालचा सांगाडा कोणी बनवायचा, मी की ट्रकवाल्याने? आणि बोटीचा विमा आहेच, तो रस्त्यावर चालतो का?

---

टवाळ_खलाशी

१४५३ मध्ये सुलतान मेहमेदने कॉन्स्टँटिनोपलला चरबी लावलेल्या ओंडक्यांवरून आरमारातली सत्तरेक जहाजं डोंगरापलीकडे ओढून नेली होती. ना परमिट ना विमा. बघा जमतंय का. (गंभीर उत्तर लोबेडवाला देतीलच, मी जागा धरून बसलोय.)

---

लोबेडवाला

ताई, तिसऱ्याला सोडू नका. बाकीच्या दोघांना पुन्हा फोनही करू नका.

माझी नोकरी ओडीसी लोड, म्हणजे ठरलेल्या मापांपेक्षा मोठा माल, हलवण्यात गेली. मुख्यतः ट्रान्सफॉर्मर आणि बॉयलर, अधूनमधून बोटी. ट्रान्सफॉर्मरला सपाट तळ असतो, उचलायला कड्या असतात आणि पाटीवर लिहिलेलं वजन खरं असतं. बोटीकडे यातलं काहीच नाही. पाणी तिला सगळीकडून सारखं उचलून धरतं, त्या हिशेबानेच ती बांधलेली असते. ट्रकवर ती चार-सहा ठिकाणी टेकते आणि तेवढ्याच जागा ११०० किलोमीटरचे सगळे खड्डे खातात. म्हणून ती टेकते कुठे, ही पहिली गोष्ट. उंची किती होते, ही दुसरी. भाडं त्यानंतर. ज्याने उंची न विचारता भाडं सांगितलं त्याने तुमची बोट डोळ्यांसमोर आणलेलीच नाही.

आधी उंचीचं गणित, कारण गाडी कुठली लागणार ते त्यावरून ठरतं. कीलच्या तळापासून केबिनच्या छतापर्यंत तुमच्या मापाच्या बोटीत साधारण ३ मीटर भरतील. पण सगळ्यात उंच जागा छत नसते, पुढचा स्टीलचा कठडा असतो, पल्पिट. तो धरून ३.४ च्या आसपास. साध्या ट्रेलरची फळी जमिनीपासून दीड मीटर. त्यात कीलखालचं १० सेंटिमीटर पॅकिंग मिळवलं की झाले ५ मीटर. युरोपात बहुतेक ठिकाणी ४ मीटर ही मर्यादा आहे, अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत १३ फूट ६ इंच, म्हणजे ४.११. तेव्हा साध्या ट्रेलरचा विषयच संपला. लोबेड म्हणजे बुटक्या फळीचा ट्रेलर, त्याची फळी ९० सेंटिमीटरच्या आसपास असते. पल्पिट आणि कठड्याचे खांब काढून ठेवलेत तर तुम्ही साधारण ४ मीटरवर येता. खास बोटींसाठी बनवलेला हायड्रॉलिक ट्रेलर मिळाला तर सोन्याहून पिवळं. त्याला मधे पोकळी असते, कील जवळजवळ रस्त्याला टेकेल इतकी खाली बसते आणि बाजूच्या गाद्या आत-बाहेर सरकवता येतात.

हे अंदाज झाले. तुम्ही स्वतः टेप घेऊन मोजा. जुन्या बोटीवर आधीच्या मालकाने काय काय चढवलेलं असतं देव जाणे. सोलर पॅनेलची कमान, रडारचा खांब, कंपासची पेटी, सगळं बघा. बोट गाडीवर चढवून बांधली की पुन्हा एकदा मोजा आणि आकडा खडूने ड्रायव्हरच्या समोर लिहून ठेवा.

रुंदी ३.०५ म्हणजे परवाना लागणारच. साध्या गाडीला बहुतेक देशांत २.५५ ते २.६ मीटरच रुंदी चालते. जादा रुंदीच्या लोडला बऱ्याचदा फक्त दिवसा चालायची परवानगी असते, कुठे कुठे पुढे-मागे इशारा देत चालणारी पायलट गाडीही लागते. भाडं तिप्पट होण्यामागे ही कारणं आहेत, लूट नाही. परवाना गाडीच्या नंबरवर आणि ठरलेल्या रस्त्यावर निघतो. ड्रायव्हरने मधेच जवळचा रस्ता धरला तर तो कागद काही कामाचा नाही.

आता डोलकाठी, जी तुम्ही लिहिलीच नाहीत. ३० फुटी बोटीची काठी सहज ४० फूट असते, बोटीपेक्षा लांब. गाडीची लांबी बोटीवरून नाही, काठीवरून ठरते. तिसऱ्याला ही लांबी आजच कळवा. काठी बोटीच्या कठड्यावर आडवी टाकून न्यायची नाही. तिला ट्रेलरवर बाजूला वेगळे ठोकळे, आडवे हात काढलेले, वायर काठीलाच घट्ट गुंडाळलेल्या, आणि धातू धातूला लागेल तिथे जुना गालिचा. पुढच्या शिडाचा फर्लर (शीड गुंडाळायची यंत्रणा) असेल तर त्याच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला जरा जास्त जपा. ती एकदा वाकली की सरळ होत नाही.

कील काढू नका. ४ मीटरमध्ये बसत असाल तर कारणच नाही. काढायची म्हणजे वेगळी क्रेन, कीलला वेगळा सांगाडा, बसवताना नवं सीलंट, बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळणं, आणि एवढं करून सांधा गळणार नाही याची जबाबदारी कोणाची? फार खोल कील असेल तेव्हाच तो उपद्व्याप करावा.

उलट कील हाच तुमचा पाया. बोटीचं बहुतेक वजन कीलवर, कीलखाली कठीण लाकडाचे स्लीपर. बाजूच्या गाद्या फक्त बोट कलंडू नये म्हणून, वजन पेलायला नाहीत. त्या गाद्या आत जिथे बल्कहेड, म्हणजे आडवी भिंत आहे, तिथेच यायला हव्यात. दोन भिंतींच्या मधे गादी आली तर फायबर प्रत्येक खड्ड्याला आत-बाहेर होतं. शेवटी गेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या चकचकीत थरावर, कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसतात, आणि आत काय तुटलं ते दिसतही नाही. पोती आणि टायरवाल्याला नाही म्हणायचं ते याचसाठी. पोती दबतात, टायर उसळतात, आणि १०० किलोमीटरनंतर बोट कशावर टेकली आहे ते कोणी सांगू शकत नाही.

बल्कहेड कुठे आहेत ते आतून मोजून बाहेर रंगीत टेपने खूण करा. क्रेनचे पट्टे कुठे घालायचे त्याचीही वेगळ्या रंगाने खूण करा. पट्टा प्रोपेलरच्या दांड्यावर, सेलड्राइव्हवर (इंजिनाचा तळातून खाली उतरणारा पाय) किंवा तळातल्या सेन्सरवर आला की गेलाच. दोन्ही पट्ट्यांच्या वर आडवी बीम लावायला सांगा. नाहीतर पट्टे वरून आवळून बोटीच्या कडा आत दाबतात.

सांगाडा कोणी बनवायचा? बोटींचा ट्रेलर असेल तर त्यातच असतो. लोबेड असेल तर तुम्ही बनवून घ्या, स्टीलचा, आणि तोच पुढे बोट जमिनीवर ठेवायला वापरा. मात्र तो ट्रेलरला वेल्डिंगने किंवा साखळीने जखडलेला हवा. बोट सांगाड्याला छान बांधली आणि सांगाडा ट्रेलरवर नुसता ठेवला, हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे.

बांधायला पॉलिस्टरचे रॅचेट पट्टे, नायलॉनचे नकोत, ते ताणतात. पट्टे डेकवरून आडवे, पुन्हा बल्कहेडच्या रेषेतच, कडेला जाड पॅडिंग. कठड्याच्या खांबाला किंवा क्लीटला (दोर अडकवायच्या खुंटीला) बांधून खाली ओढायचं नाही. निघाल्यावर ५० किलोमीटरच्या आत थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळायचे. हे ड्रायव्हरला सांगून भागत नाही, त्याच्याकडून कबूल करून घ्यावं लागतं.

---

गौरी_शिडवाली

बापरे, काठीचा विचारच केला नव्हता! आत्ता मोजायला सांगितली. ११.८ मीटर. दादा, झाकण्याबद्दल राहिलं का? धूळ-पाऊस लागेल म्हणून ताडपत्री विकत घेणारच होते.

---

लोबेडवाला

घेऊ नका. ताशी ६०-७० च्या वाऱ्यात ताडपत्री फडफडते, आणि खाली अडकलेल्या धुळीसकट गेलकोटवर पॉलिश पेपरसारखी घासत राहते. शेवटच्या दिवशी ताडपत्रीच्या चिंध्या आणि बोटीचं पॉलिश गेलेलं. एकतर गरम करून आवळतात ते श्रिंक-रॅप करा, नाहीतर उघडीच न्या. पावसासाठीच बांधलेली वस्तू आहे ती.

उघडी नेताना हॅच आतून कडी लावून बाहेरून टेपने बंद करा. बोटीचं पुढचं टोक गाडीच्या पुढच्या बाजूलाच ठेवा. उलटी चढवली तर वारा उलट्या बाजूने हॅचच्या झाकणाखाली शिरतो. कॉकपिटची भोकं पाला-कचऱ्याने तुंबलेली नाहीत ना बघा आणि तळाचा ड्रेन प्लग काढून ठेवा, तो स्टीअरिंगपाशी टेपने चिकटवा म्हणजे उतरवताना सापडेल. तुंबलेल्या कॉकपिटमध्ये एका पावसात शेकडो लिटर पाणी साठतं, म्हणजे तेवढेच किलो, तेही सगळे वर.

पाण्याच्या टाक्या रिकाम्या, डिझेल तळाशी, गॅसचं नळकांडं बाहेर, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. ड्रॉवर आणि दारं टेपने बंद. आणि नांगर-साखळी पुढच्या खणात सुटी ठेवू नका, ती उसळून आतलं प्लायवूड फोडते.

---

कलमबहाद्दर

लोबेडवाल्यांनी लोखंडाचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. दावे तपासणं हेच माझं काम.

बोटीची नेहमीची पॉलिसी पाण्यावरची आणि धक्क्यावरची असते. लांबच्या रस्ता-वाहतुकीसाठी बहुतेक वेळा वेगळं कव्हर जोडून घ्यावं लागतं. विमा कंपनीला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. प्रश्न असा विचारा: क्रेनने उचलल्यापासून दुसऱ्या टोकाला पाण्यात सोडेपर्यंतचं सगळं धरलं आहे का? कारण मोठं नुकसान बहुधा उचलताना किंवा उतरवताना होतं आणि काही कव्हर फक्त चाकं फिरत असतानाचं असतं.

"ट्रान्सपोर्टवाल्याचा विमा आहे" यावर निर्धास्त होऊ नका. त्याची जबाबदारी बऱ्याच ठिकाणी मालाच्या किमतीवर नसून वजनावर मोजतात. युरोपातल्या देशादेशांमधल्या रस्ता-वाहतुकीला लागू असलेला १९५६ चा सीएमआर करार घ्या. १९७८ च्या दुरुस्तीनंतर त्यात किलोमागे ८.३३ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) एवढीच मर्यादा आहे. सिमेंटच्या पोत्याला ते ठीक, पण काठीवरच्या वाऱ्याच्या यंत्राचं वजन किती आणि किंमत किती?

आणखी एक खोच. मालवाहतुकीच्या विम्यात सर्वात व्यापक समजली जाणारी जी इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज 'ए' ची कलमं आहेत, त्यांतही पॅकिंग किंवा तयारी अपुरी असल्यामुळे झालेलं नुकसान वगळलेलं आहे. म्हणजे तुम्ही बनवलेला सांगाडा कच्चा निघाला तर दावा तिथेच अडतो. सांगाड्याचे आणि बांधणीचे फोटो काढा, जमलं तर सर्व्हेअरला चढवताना हजर ठेवा.

बिल्टीवर बोटीची आधीची अवस्था लिहून ड्रायव्हरची सही घ्या. जुने ओरखडेही लिहा, लाजू नका. तुम्ही जुनं प्रामाणिकपणे लिहिलं असेल तर नव्याबद्दल वाद घालायला समोरच्याला जागा राहत नाही. उतरवताना काही दिसलं तर "माल चांगल्या स्थितीत मिळाला" वर सही करायच्या आधी तिथेच शेरा मारा. आणि ठरवतानाच लिहून घ्या की माल वाटेत दुसऱ्या गाडीवर बदलायचा नाही. फोनवर बोलणारा पुष्कळदा दलाल असतो, गाडी भलत्याच कोणाची येते. गाडीचा नंबर आधी मागा.

---

फळी_ते_फळी

गौरीताईंची फायबरची आहे म्हणून त्यांना लागू नाही, पण पुढे कोणी लाकडी बोटीसाठी हा धागा उघडेल. लाकडी बोटीला रस्त्यावरचा सगळ्यात मोठा शत्रू खड्डा नाही, वारा आहे. काही दिवस सुका वारा लागला की फळ्या आक्रसतात आणि सांधे उघडतात. आत ओली गोणपाटं अंथरा, थांबाल तिथे भिजवा. पोहोचल्यावर उघडे सांधे बघून घाबरून त्यांत कापूस ठासू नका. फळी पाण्यात फुगली की तिला जायला जागा राहत नाही, मग ती आतल्या फासळ्यांवरून सुटते. पट्ट्यांवरच अर्धी पाण्यात धरा, पंप चालू ठेवा, फळ्यांना फुगू द्या. वेळ लागतो. क्रेनवाला कुरकुरतो, त्याला कुरकुरू द्या.

आणि गौरीताई, बोट तलावात जाणार आहे म्हणता, तर तळ खरवडून, धुऊन, बिल्ज (आत तळाशी पाणी साठतं ती जागा) पूर्ण वाळवून मगच चढवा. काळ्या समुद्राच्या बाजूचा झेब्रा शिंपला १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांच्या पट्ट्यात सापडला. तो आला जहाजांच्या बॅलास्टच्या, म्हणजे तोल राखायला भरलेल्या, पाण्यातून, पण तिथून पुढे एका तलावातून दुसऱ्यात पसरला त्यात ट्रेलरवरून हिंडणाऱ्या बोटींचा मोठा हात. पाण्याचे पाइप आणि गाळण्या बुजवून टाकतो तो. तिकडे काही राज्यांत बोट रस्त्यात थांबवून तपासतात, चिखल दिसला तर पुढे सोडत नाहीत. तुमच्या तलावाचे नियम काय आहेत ते आधी विचारा.

---

गौरी_शिडवाली

सगळ्यांचे आभार. तिसऱ्याशी पुन्हा बोलले. लोबेड त्याचा स्वतःचा आहे, गाडीचा नंबर दिला. पल्पिट काढून मोजलं, कीलपासून छतापर्यंत ३.०८. तो म्हणतो रिकामी परतणारी गाडी मिळाली तर भाडं बरंच खाली येईल, पण तारीख सांगता येत नाही. इकडे क्रेनवाला तारखेसाठी मागे लागलाय. तो विचारत होता किती टनी क्रेन आणू, मी ४ टनाची म्हणाले.

---

लोबेडवाला

४ टनाची अजिबात नको! क्रेनवर लिहिलेले टन दांडा अगदी जवळ असताना खरे असतात. धक्क्याच्या कडेपासून क्रेन मागे उभी राहणार, तिथून बोटीच्या मध्यापर्यंत ७-८ मीटर सहज होतात, आणि त्या अंतरावर तिची ताकद लिहिलेल्याच्या काही अंशच उरते. क्रेनवाल्याला टन सांगू नका. अंतर, उंची आणि वजन सांगा, आणि लोड चार्ट दाखव म्हणा. तिचे पाय जिथे टेकतील तिथली जमीन पोकळ नाही ना, खाली गटार वगैरे, तेही त्यालाच बघू द्या. आणि हायड्रावाला (माल लटकवून चालणाऱ्या छोट्या क्रेनचा) "बोट लटकवून चालत नेतो" म्हणाला तर नाही म्हणा. चालताना बोट झुलते, झोके आवरायला पुढे-मागे दोन दोर आणि दोर धरणारी माणसं नसतील तर ती दांड्यावर आपटते.

तारखेचं असं करा. तुमच्या घाईवर अवलंबून आहे, पण घाई नसेल तर परतीची गाडी घ्या. बोट आहे तिथल्या यार्डात रोज क्रेन किंवा ट्रॅव्हल-हॉइस्ट (बोट पट्ट्यांवर उचलून नेणारी चाकांची चौकट) असेल तर बोट आधीच बाहेर काढून सांगाड्यावर उभी करा. काठी उतरवणं, पल्पिट, तळ धुणं, सगळं त्या दिवसांत उरकतं आणि गाडी कधीही आली तरी अडत नाही. उतरवायच्या टोकाची क्रेन गाडी निघाल्यावर पक्की करा. फक्त दिवसा चालणाऱ्या लोडला ११०० किलोमीटर म्हणजे एका दिवसाचं काम नाही, तुम्हाला फोन करायला वेळ मिळतो. गाडीला तुमच्यामुळे थांबावं लागलं तर हॉल्टिंग किती, ते आत्ताच लिहून घ्या.

शेवटचे दोन किलोमीटर तुम्ही स्वतः चालत जा, हातात ठरलेल्या उंचीची काठी घेऊन. हायवेवरच्या पुलांचं ड्रायव्हर बघून घेतो. बोटी अडतात त्या धक्क्याकडे जाणाऱ्या गल्लीत, केबलच्या वायरी आणि झाडाच्या फांद्यांपाशी. पुलाच्या पाटीवरच्या आकड्यावरही फार विसंबू नका, खालच्या रस्त्यावर डांबराचे नवे थर चढलेले असतात.

उतरवल्यावर पट्टे लगेच सोडू द्यायचे नाहीत. बोट तरंगली की पट्टे सैल, पण अंगाखालीच. तुम्ही आत उतरून बिल्ज, प्रत्येक सीकॉक (तळाच्या भोकावरचा नळ) आणि प्रोपेलरच्या दांड्याचं सील हाताने तपासा. दहा मिनिटं कोरडं राहिलं तर क्रेन सोडा. दांड्याचं इंजिन असेल तर त्याचं अलाइनमेंट त्याच दिवशी करू नका, बोटीला एक-दोन दिवस पाण्यात आपला आकार घेऊ द्या, मग मेकॅनिक बोलवा.

आणि वजन. ३.८ हे कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या बोटीचं. जुन्या बोटीत सामान, साखळी, बॅटऱ्या, वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी असतं. ट्रकवाल्याला आणि क्रेनवाल्याला दोघांनाही ४.५ सांगा. पहिल्यांदा उचलताना क्रेनच्या काट्यावर जो आकडा दिसेल त्याचा फोटो काढून उतरवणाऱ्या क्रेनवाल्याला पाठवून द्या.